मीठ वाढले

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी चांगदेवराव दिवेकरांच्या छातीवर जी पाटी लागली, तिच्यावर लिहिलं होतं : ‘हाय! मी चांगदेव.’

बोर्ली पंचतनच्या बाजारात नव्याने उघडलेल्या ‘भरपूर मार्ट’मधली ही त्यांच्या प्रशिक्षणाची पहिली सकाळ. चौतीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस. त्यांना सगळ्यात आधी ते उद्गारचिन्ह खुपलं. पण ते काढा म्हणून सांगायचं कोणाला आणि कोणत्या शब्दांत, हे त्यांचं मनाशी ठरेपर्यंत पाटी टाचली गेली होती. त्यांच्याबरोबर शिकायला आलेली क्रांती ही भरडखोलच्या कोळ्यांची सून. गेल्या वर्षापर्यंत ती बाजारात मासे विकत होती आणि तिचा आवाज अजून तिथेच होता. तिने पाटी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचली.

“हाय मी चांगदेव. हाय म्हंजे हायच की काका, न्हाय कोण म्हणतंय?”

चांगदेवरावांनी मान खाली घातली. आपण आहोत असं इतक्या ठासून त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

शिकवणारी होती ऋतिका. पनवेलहून आलेली, चोवीस वर्षांची, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब. मुलगी स्वभावाने चांगली होती. सात दिवस ती प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण देणार आणि सातव्या दिवशी पनवेलची मुख्य कचेरी ठरवणार, की कोण पटावर येतो आणि कोण घरी जातो.

नोकरीची हौस चांगदेवरावांना नव्हती. त्यांना हवं होतं एक कार्ड. पटावर येईल त्याला कंपनीकडून आरोग्य विम्याचं कार्ड मिळणार होतं आणि त्यावर बायकोचंही नाव लागणार होतं. वेणूबाईंच्या हृदयाची एक झडप माघापासून नीट मिटत नव्हती. अलिबागच्या डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून सांगितलं होतं, की झडप बदलावी लागेल आणि ती दिवाळीच्या आत बदललेली बरी. दिवाळीनंतर काय, ते त्यांनी चित्रात दाखवलं नव्हतं. सरकारी योजनेचं कार्ड घरात होतं. पण ते करताना कुठल्याशा कचेरीत ‘वेणूबाई’चं ‘वेणूबाळ’ झालं होतं आणि पुढे वय सहा, लिंग पुरुष अशी भर पडली होती. दुरुस्तीचा अर्ज चार महिने फिरत होता. सहा वर्षांच्या वेणूबाळच्या नावावर साठीच्या बाईची झडप बदलायला कुठलंही इस्पितळ तयार नव्हतं, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं.

तेव्हा ‘भरपूर’चा फॉर्म भरला. त्याला दोघांचे फोटो लागणार होते. वेणूबाई अंजिरी साडी नेसून बाजारातल्या स्टुडिओत गेल्या. फोटोवाल्याने “हसा मावशी” म्हटल्यावर त्या खरोखरच हसल्या. फोटो टाचून फॉर्म ऋतिकाच्या फाइलीत गेला. आता फक्त सात दिवस निभवायचे होते.

ही बातमी शेजारच्या गुणाजींना कळली नसती तर कदाचित निभवलेही असते. गुणाजी तीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते, त्यामुळे नोकरी या विषयात वाडीमध्ये त्यांचा शब्द शेवटचा.

“मास्तर,” ते म्हणाले. (चांगदेवराव कधीच मास्तर नव्हते, पण पुस्तकं हाताळणाऱ्याला गुणाजी मास्तरच म्हणत.) “दोन गोष्टी ध्यानात ठेवा. केस काळे करा. आणि साहेबाच्या नजरेला नजर देऊ नका. नजर दिली की साहेब बिथरतो. माझी तीस वर्षं अशीच गेली.”

चांगदेवरावांनी दोन्ही गोष्टी केल्या. केसांचा रंग केसांवर कमी आणि कपाळावर जास्त बसला. वेणूबाईंनी खोबरेल लावून कपाळ घासलं, तेव्हा तो भुवयांपर्यंत उतरला. अशा अवस्थेत दारात उभं राहून ‘नमस्कार, भरपूरमध्ये आपलं स्वागत आहे’ असं म्हणायचं होतं. चौतीस वर्षं ‘कृपया शांतता राखा’ या पाटीखाली बसलेल्या माणसाचा आवाज समोरच्याच्या कानापर्यंत जाईना. गिऱ्हाइकांना वाटे, काकांना काहीतरी खासगी सांगायचंय. ती कान पुढे करत आणि मग स्वतःही कुजबुजू लागत. तासाभरात सगळं मार्ट दबक्या आवाजात साखर मागू लागलं. ऋतिकाने टॅबवर लिहिलं : आवाज दोन, नजर शून्य.

“काका, माझ्याकडे बघा तरी,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्या चपलांकडे बघून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी फळ्या लावायला दिल्या. इथे मात्र चांगदेवरावांना हुरूप आला, कारण फळीवर वस्तू लावणं हेच त्यांचं आयुष्य होतं. दुपारपर्यंत त्यांनी मधल्या रांगेतला सगळा माल अ पासून ज्ञ पर्यंत अकारविल्हे लावून काढला आणि कोणालाही कोणतीही वस्तू क्षणात सापडेल अशा समाधानाने हात झटकले. ऋतिका रांगेतून चालत आली आणि ‘उ’पाशी थांबली. तिथे उंदराचं औषध, उडीद आणि उदबत्ती एकाला एक खेटून उभे होते.

“काका, हे काय आहे?”

“अकारविल्हे,” चांगदेवराव चपलांना म्हणाले.

क्रांती उंदराचं औषध उचलून दूर नेत म्हणाली, “काकांनी सोय केलीया. आधी पापड खा, मग ह्ये खा, मग उदबत्ती लावा. एकाच फळीवर सगळं.”

चांगदेवरावही थोडे हसले. मग त्यांना हसल्याचं वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवसाचा धडा त्यांना फार आवडला. निदान आधी आवडला. ऋतिका म्हणाली, “जुना माल नेहमी पुढे. नवीन माल मागे. हा रूल कधी मोडायचा नाही.” जुन्याला पुढे बसवणारी ही व्यवस्था ऐकून त्यांना या दुकानाबद्दल प्रथमच आदर वाटला, आणि त्यांनी कारण विचारलं. “कारण त्याची तारीख जवळ आलेली असते ना, काका. तो आधी गेलेला बरा.” त्या दिवशी दारातल्या जागेवर परत उभं राहताना, सगळ्यांच्या पुढे आपल्यालाच का उभं केलंय, असा एक विचार त्यांच्या मनाला चाटून गेला.

चौथ्या दिवशी ऋतिकाला म्हसळ्याच्या शाखेत जावं लागलं. दोन दिवसांत नारळी पौर्णिमा, दुकानात रेटारेटी. मार्टचा कॉम्प्युटर अजून मुख्य कचेरीला जोडलेला नव्हता. जोडणारा माणूस रोज उद्या येणार होता. तोवर रोज दिवेलागणीला, कोणता माल संपला ते फोनवरून पनवेलच्या गोदामाला लिहून कळवायचं असे. तिकडे हितेश म्हणून एक जण होता, तो यादी बघून सकाळचा टेम्पो भरी.

“काका, तुमचं मराठी सॉलिड आहे,” ऋतिका जाताना म्हणाली. “रिपोर्ट तुम्ही टाका. हे नीट केलंत ना, तर आवाजाचे मार्क्स मी ॲडजस्ट करते.”

दिवेलागणीला चांगदेवराव फोन घेऊन मिठाच्या रिकाम्या फळीसमोर उभे राहिले. ‘मीठ सं’ इतकं त्यांनी लिहिलं आणि त्यांचं बोट थांबलं.

दिवेकरांच्या घरात काही संपत नसे. तांदळाचा डबा रिकामा झाला की तांदूळ वाढले. तेल वाढलं, गॅस वाढला, हातातली काकणं फुटली तरी ती वाढली. असं बहुतेक घरांतून म्हणतात. पण वेणूबाईंचं माघापासून फार कडक झालं होतं. अलिबागहून परतताना एस.टी.त चांगदेवराव सहज म्हणाले होते, “पाणी संपलं वाटतं बाटलीतलं.” त्यावर त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, “आता तेवढं एक नका बोलत जाऊ. माझ्यासाठी.” चांगदेवराव वाचलेले गृहस्थ. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. घरात शेवट सांगणारा एकच शब्द चाले, तो म्हणजे ताटावर बसून म्हटलेला ‘पुरे’.

आणि आता बाहेर दिवे लागले होते, वेणूबाई घरात एकट्या होत्या, आणि त्यांना लिहायचं होतं ते नेमकं हेच. त्यांनी ‘सं’ पुसला आणि लिहिलं : ‘मीठ वाढले. तूरडाळ वाढली. खोबरेल तेल वाढले. नारळ वाढले, दोनशे.’

पनवेलहून लगेच उत्तर आलं. ‘ओके काका. मस्त रिपोर्ट.’

घरी जाताना त्यांची चाल बदलली होती. वेणूबाईंनी उशीला टेकून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग लावतील ना कार्डावर नाव? ‘बाई’ लिहायला सांगा हो नीट.”

पाचव्या दिवशी सकाळी टेम्पो आला नाही. गोदामात गर्दी असेल, असं चांगदेवरावांना वाटलं. पौर्णिमेचा आदला दिवस. भरडखोल, दिवेआगर, सगळीकडची माणसं नारळाला आलेली. क्रांती दारात उभी राहून ओरडत होती, “नारळ दुपारच्याला येतील! जाऊ नका!” संध्याकाळपर्यंत रवा, गूळ आणि तांदूळही गेले. चांगदेवरावांनी दुसरी यादी पाठवली. ती पहिलीपेक्षा लांब होती. त्यांनी तीत कळकळीने भर घातली : ‘आज तर जवळजवळ सर्वच वाढले आहे. कृपया त्वरा करावी.’

उत्तर आलं : ‘डोन्ट वरी काका. उद्या गाडी पाठवतो.’

सहाव्या दिवशी गाडी आली. टेम्पो नव्हे, मोठा ट्रक, आणि पूर्ण रिकामा. ड्रायव्हरने खाली उतरून कागद पुढे केला. वर लिहिलं होतं : वाढीव माल परत आणणे. खाली यादी होती. मीठ, तूरडाळ, खोबरेल, रवा, गूळ, तांदूळ. नारळ दोनशे.

“कुठाय माल?” ड्रायव्हर म्हणाला.

मागे सगळ्या फळ्या उघड्या पडल्या होत्या. उरलं होतं ते उंदराचं औषध आणि उदबत्ती. क्रांतीने कागद वाचला, फळ्यांकडे पाहिलं, चांगदेवरावांकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं आणि ती पोट धरून हसायला लागली. मग त्यांचा चेहरा बघून एकदम थांबली.

“आवो काका, त्या लोकांना काय ठावं? त्यांच्यात वाढलं म्हंजे जास्ती झालं!”

चांगदेवराव ट्रकच्या चाकाकडे बघत उभे राहिले. भाषेवर त्यांचं प्रेम होतं आणि एका शब्दाच्या पोटात इतके अर्थ राहतात याचं त्यांना एरवी कौतुक वाटलं असतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मुख्य कचेरीत एक जुने गृहस्थ होते, त्यांना थोडं जुनं मराठी येत होतं. त्यांनी साहेबांना समजावलं, की नारळ वाढवणे म्हणजे फोडणे. तासाभरात फोनवर लेखी विचारणा आली : बोर्ली शाखेतील प्रशिक्षणार्थीने कोणाच्या परवानगीने दोनशे नारळ फोडले? आज सायंकाळपर्यंत खुलासा द्यावा.

गुणाजी दुपारी मुद्दाम बाजारात आले. “लेखी मागितलंय ना? मग द्या लेखी, चांगलं जाडजूड द्या. साहेब जाड कागदाला घाबरतो.”

चांगदेवरावांनी मागच्या खोलीत तांदळाच्या रिकाम्या गोणीवर बसून साडेतीन पानं लिहिली. ‘वाढणे या क्रियापदाच्या अर्थच्छटा’ इथून सुरुवात केली. पानात वाढणे, वयाने वाढणे, दिवा वाढवणे, दुकान वाढवणे, नारळ वाढवणे, प्रत्येकाला एक उदाहरण दिलं. अक्षर मोत्यासारखं होतं. शेवटी मूळ मुद्द्यावर येऊन त्यांनी लिहिलं, ‘तरी सदर यादीतील वाढले या शब्दाचा अर्थ’ आणि पुन्हा पेन थांबलं. त्या पहाटे वेणूबाईंना धाप लागली होती. तासभर त्या खिडकीचे गज धरून बसल्या होत्या. मग त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी चहासुद्धा केला. चांगदेवरावांनी पुढे सात ठिपके दिले. ‘.......असा समजावा, ही नम्र विनंती.’ आणि खाली सही केली.

ऋतिका म्हसळ्याहून धावत परत आली, तिने साडेतीन पानं वाचली, ठिपक्यांशी पोचली, आणि डोक्याला हात लावून मटकन बसली.

“काका, सगळं लिहिलंत, आणि जे लिहायचं तेच नाही!”

“आमच्यात तसं बोलत नाहीत,” चांगदेवराव म्हणाले.

“न्हाय बोलत,” क्रांती मध्ये पडली. “आमच्यात बी न्हाय बोलत. म्हातारी माणसं हायत त्यांच्या घरात.”

ऋतिकाने पनवेलला फोन लावला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला. “हितेश सर, काका इथेच आहेत, ते सांगतील.” मग हळू आवाजात, “काका, एक वाक्य. माल संपला होता. बस्स. तुमचं कार्ड त्यांच्या हातात आहे. बोला.”

दुकानात आठदहा गिऱ्हाइकं उभी होती. सगळी काउंटरकडे सरकली. चांगदेवरावांनी प्रथमच मान वर करून ऋतिकाच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्या पोरीनेच नजर खाली केली.

“संपला,” ते म्हणाले. “माल संपला होता.”

आवाज स्पष्ट आणि मोठा आला. आवाजाला त्या दिवशी दहापैकी दहा द्यायला हवे होते.

“तो काका, लिखना था ना पहलेही,” फोनमधला हितेश म्हणाला. तोही बिचारा दमलेला होता. “सणाचा धंदा गेला, रिकामी गाडी फिरली, वर रिपोर्ट गेला पण. आता माझ्या हातात काय नाय राहिलं.” आणि फोन बंद झाला.

सातव्या दिवशी बाराच्या सुमाराला कचेरीचं उत्तर आलं. क्रांती पटावर आली होती. चांगदेवरावांनी पाटी काढून काउंटरवर ठेवली; टाचणी काढताना सदऱ्याचा एक दोरा उसवला. ऋतिकाने एक पाकीट दिलं. तिचे डोळे भरले होते. या वयस्कर माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. उद्घाटनाच्या पूजेतला एक नारळ गल्ल्याशेजारी उरला होता, तो तिने दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला.

“आगं बाई, नारळ काय देतेस!” क्रांती ओरडली. “नारळ देतात का कुणाला असा?”

“का? नारळ शुभ असतो ना?”

“असतो, बाळा,” चांगदेवराव म्हणाले आणि नारळ घेऊन निघाले.

बाजारातून घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत त्यांना अकरा माणसं भेटली. प्रत्येकाने आधी नारळाकडे पाहिलं आणि मग काही न विचारता वाट दिली. एरवी हजार प्रश्न विचारणाऱ्या गुणाजींनीसुद्धा ओटीवरून उठून आत जाणं पसंत केलं.

वेणूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी नारळ पाहिला. चांगदेवरावांनी सांगायला तोंड उघडलं, पण आता कुठला शब्द वापरावा ते त्यांना कळेना. वापरायचा नव्हता तो कालच वापरून झाला होता, भर दुकानात, आणि हे वेणूबाईंना कधी सांगायचं नाही असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं.

“वाढली वाटतं नोकरी,” वेणूबाईच म्हणाल्या.

सात दिवसांत तो शब्द बरोबर समजलेलं क्रांतीनंतरचं हे दुसरं माणूस.

“हो,” चांगदेवराव म्हणाले.

वेणूबाईंनी नारळ हातात घेतला आणि कानाशी हलवून पाहिला. “पाणी आहे हो चांगलं. सोलकढीला होईल उद्या.” मग त्यांनी पाकीट उघडलं. आत तो फॉर्म होता, तसाच, दोघांच्या फोटोंसकट. त्यांनी आपला फोटो नखाने टाचणीतून सोडवला आणि लांब धरून पाहिला. अंजिरी साडी, आणि ते हसू.

“छान आलाय नाही माझा? असा दुसरा नाही घरात.” त्या थोडा वेळ बघत राहिल्या. “टाकू नका हं. लागेल. मोठा करता येतो ना हा?”

नारळ त्यांच्या मांडीवर होता. समोरच्या आळीत कोणीतरी कौलांवरचे कावळे हाकलत होतं.

“येतो,” चांगदेवराव म्हणाले. “हवा तेवढा वाढवता येतो.”

“मग झालं तर.” त्या दाराला धरून उठल्या, एकदा श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. “चला, हातपाय धुवा. भात वाढते.”

ते ताटावर बसले. वेणूबाईंनी भाताची एक मूद वाढली, वरण घातलं, मग दुसरी वाढली. दुसऱ्या मुदीला चांगदेवराव नेहमी हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणत. चाळीस वर्षांची सवय. आज त्यांनी हात पुढे केला, पण शब्द काही तोंडातून फुटेना. वेणूबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी तिसरी मूद घातली, आणि पातेलं तिरकं करून त्या वाढतच राहिल्या.